मन वळविणे आणि वळण लावणे : फॉग ह्यांच्या संगणकीय अनुनयाच्या सिद्धान्ताची चिकित्सा

१

मराठीत एकाच धातूपासून आलेले दोन वाक्प्रयोग आहेत. आपण एखाद्याचे मन वळवितो. आणि एखाद्याला वळण लावतो. मन वळवावयाचे तर समोरच्या माणसाला कारणे द्यावी लागतात, त्याच्या शंकांचे निरसन करावे लागते, प्रसंगी आर्जवही करावे लागते. आणि हे सारे झाल्यावरही होकार वा नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. वळण लावताना कारणांची फारशी जरुरी पडत नाही. मुलाला पहाटे उठण्याचे वळण लागते, बोटांना अक्षराचे वळण लागते, ते पुनरावृत्तीने, कौतुकाने, थोड्याफार धाकाने आणि भोवतीच्या मांडणीने. वळण अंगी मुरले म्हणजे ते आपल्याला कोणी व केव्हा लावले ह्याची आठवणही राहत नाही.

ह्या दोन क्रियांमधील भेद नजरेआड झाला म्हणजे विचारात कोणता घोटाळा उत्पन्न होतो, हे पाहण्यास बी. जे. फॉग ह्यांचा 'पर्सुएझिव्ह टेक्नॉलॉजी' हा २००३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ फार उपयोगी आहे. संगणकाच्या साहाय्याने माणसांचे विचार आणि त्यांच्या कृती बदलता येतात, आणि हा बदल कसा घडवावा ह्याचे एक शास्त्र रचता येते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ग्रंथकार अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करीत होते. ह्या विषयासाठी तेथे त्यांनी एक प्रयोगशाळाही स्थापिली होती. आज हातोहाती असलेल्या मोबाइलवर जी ॲपे चालतात त्यांच्या रचनाकारांपैकी कित्येकांनी ह्या विचाराचे धडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष घेतलेले आहेत. म्हणून ह्या ग्रंथाची चिकित्सा ही केवळ एका पुस्तकाची चिकित्सा राहत नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : फॉग ह्यांनी मन वळविण्याच्या नावाखाली ज्या शास्त्राचा पाया घातला, ते बहुतांशी वळण लावण्याचे शास्त्र आहे, आणि नावाच्या ह्या अदलाबदलीमुळे त्यांनी स्वतःच घालून दिलेली नैतिक बंधने ऐन कामाच्या वेळी लुळी पडतात.

२

फॉग ह्यांच्या विचाराची पूर्वपीठिका आधी पाहिली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील जोसेफ वाइझेनबाउम ह्यांनी जानेवारी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाच्या एका संगणकीय आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. समोरच्या माणसाने टंकलिखित केलेल्या वाक्यातील काही शब्द हेरावयाचे आणि तेच वाक्य थोड्या फेरफाराने प्रश्नरूपात परत करावयाचे, एवढीच ह्या आज्ञावलीची करामत होती. तिला मानसोपचारकाची भूमिका दिल्यावर मात्र ही करामत पुरेशी ठरली. कारण रुग्णाचे बोलणे रुग्णालाच परत करणे ही त्या उपचाराची एक मान्य रीतच होती. 'एलायझा' हे नाव बर्नार्ड शॉ ह्यांच्या 'पिग्मॅलियन'मधील फुले विकणाऱ्या मुलीचे. पु. ल. देशपांडे ह्यांनी केलेल्या 'ती फुलराणी' ह्या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकाला ती परिचित आहे. तिच्याप्रमाणेच ह्या आज्ञावलीलाही बोलण्याचे वळण क्रमाक्रमाने शिकवीत नेता येईल, असा त्या नामकरणामागील आशय होता.

प्रत्यक्षात वळण लागले ते माणसांना. वाइझेनबाउम ह्यांच्या सचिव बाईंनी ही आज्ञावली कित्येक महिने तयार होताना पाहिली होती. ती एक यांत्रिक रचना आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. तरीही तिच्याशी दोनचार वाक्यांची देवघेव होताच त्यांनी वाइझेनबाउम ह्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ही हकीकत वाइझेनबाउम ह्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे, आणि तिने आपण किती अस्वस्थ झालो हेही सांगितले आहे. यंत्र माणसासारखे झाले, ही त्यांची चिंता नव्हती. माणूस इतक्या थोड्यावर यंत्राशी माणसासारखा वागू लागतो, ही होती.

पुढे स्टॅनफर्डमध्येच बायरन रीव्ह्‌ज आणि क्लिफर्ड नॅस ह्यांनी ह्या निरीक्षणाला प्रायोगिक आधार दिला. त्यांचा 'द मीडिया इक्वेशन' हा ग्रंथ १९९६ चा. संगणकाने शिकविलेल्या पाठाविषयी त्याच संगणकावर मत विचारले असता माणसे ते अधिक गोड करून सांगतात, आणि दुसऱ्या संगणकावर विचारले असता अधिक मोकळेपणाने सांगतात, हा त्यांच्या प्रयोगांतील एक प्रसिद्ध निष्कर्ष. यंत्राच्या तोंडावर त्याला वाईट म्हणू नये, हा शिष्टाचार आपण नकळत पाळतो. फॉग आणि नॅस ह्यांनी १९९७ साली ह्यापुढचे पाऊल टाकले. संगणक करील ती स्तुती आपल्या कामावर मुळीच अवलंबून नाही, असे आधीच सांगितलेले असूनही, ज्यांची स्तुती झाली त्यांना आपले काम अधिक चांगले वाटले आणि संगणकही अधिक आवडला. खरी म्हणून सांगितलेली स्तुती आणि उघड उघड खुशामत ह्यांच्या परिणामात फारसा फरक पडला नाही.

हे प्रयोग जुने झाले, परंतु त्यांचा विषय जुना झालेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय ह्या कंपनीला आपल्या संभाषण करणाऱ्या आज्ञावलीची नुकतीच प्रसृत केलेली सुधारणा मागे घ्यावी लागली, ती नेमकी ह्या कारणासाठी, की ती आज्ञावली वापरणाऱ्याची नको इतकी खुशामत करू लागली होती.

येथे दोन संशोधकांच्या वृत्तीतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. माणसाच्या ज्या दुबळेपणाने वाइझेनबाउम हादरले, तोच दुबळेपणा फॉग ह्यांना एक उपलब्ध साधन म्हणून दिसला. हा दोषारोप नव्हे. औषधशास्त्र आणि विषशास्त्र ह्यांचा आरंभ एकाच द्रव्याच्या निरीक्षणाने होऊ शकतो. परंतु साधन म्हणून पाहिल्यावर त्याच्या वापराचे नियम सांगण्याची जबाबदारी अंगावर येते, आणि फॉग ह्यांची परीक्षा तेथेच करावयास हवी.

३

फॉग ह्यांनी आपल्या शास्त्राला 'कॅप्टॉलॉजी' असे नाव १९९६ साली दिले. अनुनयाचे तंत्र म्हणून संगणक, ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनविलेले आहे. ह्या शास्त्राचा कणा म्हणजे संगणकाच्या तीन भूमिकांचे विवेचन. संगणक साधन म्हणून येतो, तेव्हा एखादी कृती सोपी करून तो तिच्याकडे माणसाला ओढतो. माध्यम म्हणून येतो, तेव्हा अनुभवाचे प्रतिरूप उभे करून कार्यकारणसंबंध दाखवितो. आणि सामाजिक पात्र म्हणून येतो, तेव्हा स्तुती, आर्जव, आभार ह्यांच्या द्वारा माणसाशी नाते जोडतो. साधन ह्या भूमिकेची त्यांनी आणखी सात रूपे सांगितली आहेत. त्यांत पायऱ्या कमी करणे, ठरलेल्या बोगद्यातून नेल्याप्रमाणे एकेका टप्प्याने नेणे, व्यक्तीनुरूप मजकूर देणे, योग्य क्षणी सूचना करणे, स्वतःवर लक्ष ठेवावयास लावणे, पाळत ठेवणे आणि बक्षिसांच्या द्वारा साधक अभिसंधान करणे, ह्यांचा समावेश होतो.

ह्या वर्गीकरणाचे महत्त्व मान्य करण्यास संकोच वाटू नये. संगणक समाजावर परिणाम करतो, असे मोघम बोलणे सर्वत्र चालू असताना, तो परिणाम कोणकोणत्या मार्गांनी होतो हे फॉग ह्यांनी वेगवेगळे करून दाखविले. त्यांचा नीतिविषयक अध्यायही उपचारापुरता लिहिलेला नाही. संगणकाची नवलाई त्याचा हेतू झाकून टाकते. त्याच्या निःपक्षपातीपणाची ख्याती त्याला अनायासे लाभते. तो न थकता पाठपुरावा करू शकतो. संवादाच्या वाटा कोणत्या असाव्यात हे तोच ठरवितो. तो भावना चाळवितो पण स्वतः द्रवत नाही. आणि तो जबाबदारी घेऊ शकत नाही : ही संगणकीय अनुनयाची सहा धोकादायक वैशिष्ट्ये त्यांनी स्वतःच नोंदविली आहेत. पाळत आणि अभिसंधान ह्या दोन रूपांविषयी त्यांनी विशेष सावधगिरीचा इशारा दिला आहे. आजचे टीकाकार जे सांगतात त्यांतले बरेचसे २००३ सालीच ह्या पृष्ठांत आलेले होते.

मग उणे कोठे राहिले? ते व्याख्येत राहिले. सक्ती अथवा फसवणूक न करता माणसाची अभिवृत्ती, अथवा वर्तन, अथवा दोन्ही बदलण्याचा प्रयत्न, असा फॉग ह्यांच्या व्याख्येचा आशय आहे. शिवाय, रचनाकाराने योजलेल्या परिणामांचाच विचार हे शास्त्र करील, आनुषंगिक परिणामांचा नव्हे, अशी मर्यादाही त्यांनी घालून घेतली आहे. व्याख्येतील 'अथवा' हा शब्द आणि योजनेची ही मर्यादा, ह्या दोन जागी सारा सिद्धान्त सैल झाला आहे.

४

प्रथम 'अथवा'चा विचार करू. अभिवृत्ती बदलली आणि म्हणून वर्तन बदलले, तर मन वळले असे आपण म्हणू. अभिवृत्ती बदलली, पण वर्तन बदलण्यास वाव मिळाला नाही, तरीही मन वळलेच. परंतु अभिवृत्तीला स्पर्श न करता केवळ वर्तन बदलले, तर वळले काय? हात वळला, सवय वळली. मन आहे तेथेच राहिले. व्याख्येतील 'अथवा' ह्या तिसऱ्या प्रकारालाही अनुनयाच्या पंक्तीत आणून बसविते. त्यामुळे अनुनय ह्या शब्दाला परंपरेने जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती वळण लावण्याच्या तंत्राला फुकट मिळते.

ही प्रतिष्ठा कशामुळे आहे, हे आपल्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला सांगावयास नको. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपदेशाचे जे तीन प्रकार मानले आहेत त्यांत वेदांचा उपदेश प्रभूच्या आज्ञेसारखा, इतिहासपुराणांचा मित्राच्या सल्ल्यासारखा आणि काव्याचा कांतेच्या आर्जवासारखा म्हटला आहे. ह्या तिहींच्या शक्ती भिन्न आहेत. पण तिन्ही ठिकाणी कोणीतरी बोलणारा आहे, काहीतरी बोलले जात आहे, आणि ऐकणाऱ्याला आपण ऐकत आहोत ह्याची जाणीव आहे. कांतेचे आर्जव कितीही मोहक असले तरी ते आर्जव आहे हे प्रियकराला कळते. संगणक जेव्हा साधन ह्या भूमिकेतून वर्तन बदलतो तेव्हा ह्यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. एखादी कळ मोठी केली, दुसरी लहान केली, एक पायरी गाळली, पुढचे दृश्य न मागता सुरू केले : ह्यांत वाक्य नाही, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. मम्मटाच्या यादीत ह्याला जागा नाही, ह्याचे कारण हा उपदेशच नव्हे.

फॉग ह्यांच्या विचाराची पुढील वाटचाल ह्या निदानाला पुष्टी देते. त्यांनी २००९ साली मांडलेला आणि पुढे जगभर गाजलेला सिद्धान्त प्रेरणा, क्षमता आणि चेतक ह्या तीन घटकांचा आहे. तिन्ही एका क्षणी एकत्र आले म्हणजे वर्तन घडते. त्याच्या नावातच तो वर्तनाचा आहे. अभिवृत्तीला त्यात स्वतंत्र स्थान उरलेले नाही. प्रयोगशाळेचे नावही पुढे वर्तनरचनेची प्रयोगशाळा असे झाले. अनुनय हा शब्द असा हळूहळू गळून पडला, ही गोष्ट तर्काला धरूनच झाली. मात्र अनुनयासाठी केलेले नीतिनियम बदललेल्या विषयाला पुरे पडतात की नाही, हा प्रश्न मागे राहिला. दरम्यान २००७ च्या शरदात फॉग ह्यांच्या एका अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी फेसबुकवर चालणारी छोटी ॲपे रचली आणि सत्र संपण्यापूर्वी त्यांना मिळून सुमारे १ कोटी ६० लक्ष वापरकर्ते लाभले. सिद्धान्ताची शक्ती सिद्ध झाली होती. त्याची बंधने अजून तपासली गेली नव्हती.

ती फेसबुकवरच झालेल्या दोन प्रयोगांच्या कसोटीवर तपासता येतात. पहिला २ नोव्हेंबर २०१० च्या अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीचा असून त्याचा वृत्तान्त २०१२ साली 'नेचर'मध्ये आला. सुमारे ६ कोटी लोकांना मतदानाची आठवण देणारा मजकूर दाखविण्यात आला आणि त्यासोबत, मतदान केल्याचे कळविणाऱ्या त्यांच्या काही मित्रांची छायाचित्रे दाखविण्यात आली. सुमारे ६ लक्ष लोकांना तोच मजकूर छायाचित्रांवाचून दाखविला. आणि तितक्याच लोकांना काहीच दाखविले नाही. केवळ मजकूर पाहिलेल्यांचे मतदान काहीच न पाहिलेल्यांइतकेच राहिले. चेहरे पाहिलेल्यांचे किंचित वाढले. हे 'किंचित' एवढ्या संख्येवर पसरल्यामुळे प्रत्यक्ष परिणामाने सुमारे ६० हजार आणि मित्रांच्या द्वारा अप्रत्यक्षपणे सुमारे २ लक्ष ८० हजार मते वाढली, असा संशोधकांचा अंदाज आहे. शेजारी मतदानाला गेला हेही आपण जाण्यास एक कारणच आहे, असे येथे म्हणता येईल, आणि ते रास्त आहे. परंतु कोणाला चेहरे दाखवावयाचे आणि कोणाला नाही हे ज्याने ठरविले, तो मात्र कोणालाच दिसला नाही.

दुसरा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पुढे येणाऱ्या मित्रांच्या मजकुरातून काहींच्या बाबतीत आनंदाचा, तर काहींच्या बाबतीत दुःखाचा मजकूर कमी करण्यात आला. ज्यांच्यापुढील आनंदाचा मजकूर घटला त्यांच्या स्वतःच्या लिखाणातही आनंदाचे शब्द अल्पसे घटले. उलट बाजूनेही तसेच झाले. हा वृत्तान्त जून २०१४ मध्ये प्रसिद्ध होताच मोठी ओरड झाली, आणि तो छापणाऱ्या नियतकालिकालाही संमतीच्या प्रश्नावर संपादकीय चिंता व्यक्त करावी लागली. परिणाम फार अल्प होता हे खरे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, फॉग ह्यांच्या दोन बंधनांपैकी येथे एकाचाही उघड भंग दाखविता येत नाही. सक्ती कोणावर झाली नाही. दाखविलेला प्रत्येक शब्द खऱ्या मित्राने खरोखर लिहिलेला होता. एकही विधान खोटे नव्हते. असे असूनही काहीतरी अनुचित घडले, अशी भावना असंख्य लोकांची झाली. ती भावना अनाठायी नव्हती. तिला योग्य शब्द देण्याचे सामर्थ्य त्या व्याख्येत नव्हते.

५

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फसवणुकीचा अर्थ व्यापक केला म्हणजे काम भागेल. अलीकडचे कायदे ह्याच दिशेने गेले आहेत. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली त्यांत ग्राहकाला चकविणाऱ्या १३ रचनांची यादी आहे. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, नकार देणाऱ्याला शरमिंदा करणे, असे प्रकार तीत येतात. हा कायदा स्वागतार्ह आहे. परंतु त्याची पकड जेथे काहीतरी लपविले वा विपर्यस्त केले जाते तेथेच बसते. वळण लावण्यासाठी लपविण्याची गरजच नसते. पृष्ठाला शेवट नसणे, ही गोष्ट वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर उघडी असते.

हे शेवट नसलेले पृष्ठ दुसऱ्याही कारणाने विचारात घेण्यासारखे आहे. एझा रास्किन ह्यांनी २००६ साली ही रचना केली ती वाचकाचे श्रम वाचावे म्हणून. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. योजलेल्या परिणामांपुरतेच शास्त्र मर्यादित ठेवले तर वाचकाचा तासन्‌तास त्या पृष्ठावर जाणे हा आनुषंगिक परिणाम ठरून विचाराबाहेर राहतो. फॉग ह्यांच्याच परिसरातील दोन लेखकांनी १९९९ साली एक सुवर्णनियम सुचविला होता : ज्या गोष्टीसाठी आपले मन वळविले जाण्यास आपण स्वतः संमती देणार नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचे मन वळवू नये. नियम उमदा आहे. पण त्या नियमाने २००६ साली रास्किन ह्यांना अडविले नसते. श्रम वाचविण्याला कोण संमती देणार नाही? हेतूवर उभारलेली नीती, ज्या परिणामाचा हेतू कोणाचाच नव्हता, त्यापुढे निरुत्तर होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. वळण लावणे सर्वत्र आहे. घर, शाळा, रस्त्याची आखणी, देवळाचा उंबरठा, ह्या सर्वांनी आपल्याला वळण लावले आहे आणि त्याबद्दल आपण कृतज्ञही असतो. मग संगणकानेच काय अपराध केला? ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच वळण लावणे स्वभावतः वाईट आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. प्रश्न असा आहे की, चांगल्या वळणाला आपण कोणत्या अटींवर मान्यता देतो. अक्षराला वळण लावणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. तो मुलाचा हात धरून गिरवून घेतो; मुलाला कारणे सांगत नाही. पण एक तर तो दिसतो. दुसरे, मुलाच्या आईबापांना त्याला जाब विचारता येतो. आणि तिसरे, काही दिवसांनी तो हात सोडतो. सोडण्यासाठीच त्याने तो धरलेला असतो. दृश्यता, उत्तरदायित्व आणि मुक्ती ह्या तीन अटी पुऱ्या झाल्या की वळण हे संस्कार होते. त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर ते केवळ अंकन राहते.

ज्या व्यवसायाचे उत्पन्न वापरकर्त्याच्या परत येण्यावर अवलंबून आहे, त्याला तिसरी अट पाळणे जड जाते. त्याने लावलेले वळण त्याच्याकडेच वळणारे असते. मनुष्य स्वयंपूर्ण होऊन यंत्र बाजूला ठेवील, हे शिक्षकाच्या दृष्टीने यश आहे. हिशेबाच्या वहीत ती गळती म्हणून नोंदली जाते. येथे रचनाकाराच्या सद्‌हेतूचा प्रश्न दुय्यम ठरतो.

६

वरील विवेचनाची कठीण परीक्षा आपल्याच राज्यातील एका घटनेने होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात पसरलेली होती. त्या वर्षी देशात अशा आणखीही घटना घडल्या. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठविलेल्या मजकुरावर तसे चिन्ह दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. वारंवार फिरलेल्या मजकुरासाठी एप्रिल २०२० मध्ये ही मर्यादा एकाच ठिकाणावर आणली, आणि अशा मजकुराचे प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने सांगितले.

ही मर्यादा हे वळण लावण्याचे शुद्ध उदाहरण आहे. तीत कारण सांगितलेले नाही, आर्जव नाही. हाताला एक अडथळा आहे. ती दिसते, आणि तिच्यामागचा निर्णय कोणाचा हेही ठाऊक आहे. ती काढून टाकावी असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. एक जीव जरी तिने वाचला असेल तरी तिचे समर्थन होते. परंतु तिने काय केले आणि काय केले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तिने अफवेची गती कमी केली. दारी आलेल्या गोसाव्याकडे गाव ज्या नजरेने पाहू लागले होते, ती नजर तिने बदलली नाही. बदलणे तिच्या आवाक्यातही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या झोळीत पसाभर धान्य पडत आले, तो एका दुपारी परका आणि घातकी वाटू लागतो, हा अभिवृत्तीतील बदल आहे. त्याला उत्तर अभिवृत्तीच्या पातळीवरच द्यावे लागेल. आणि ते बोलूनच द्यावे लागेल.

बोलण्याचेही सामर्थ्य मर्यादित आहे, हे येथे लपवून चालणार नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरणाऱ्या माणसालाच त्रिपुरात जून २०१८ मध्ये जमावाने मारले. मन वळविण्याचा प्रयत्न असा भीषणपणे निष्फळ होऊ शकतो. वळण लावणाऱ्या रचनेचे आकर्षण नेमके ह्यामुळे वाढते : ती माणसांच्या मर्जीवर अवलंबून नसते आणि तिचे फळ टक्क्यांत मोजता येते. पण त्यावरून मन वळविण्याचे काम सोडून द्यावे असे निष्पन्न होत नाही. अडथळा उसंत मिळवून देतो. त्या उसंतीत कोणी कोणाशी काय बोलले, ह्यावर पुढचे अवलंबून असते. टक्क्यांचा आकडा हाती आला की प्रश्न सुटला असे समजणे, ही 'अथवा'ने केलेल्या घोटाळ्याचीच व्यावहारिक आवृत्ती होय.

७

समारोपापूर्वी एका नव्या परिस्थितीची नोंद केली पाहिजे. गेल्या काही वर्षांत संगणक पुन्हा बोलू लागला आहे. आणि तो एलायझाप्रमाणे वाक्य परतवीत नाही, कारणे देतो, शंकांना उत्तरे देतो. मन वळविण्याची क्रिया खऱ्या अर्थाने यंत्राकडे आली, असे येथे वाटू शकते. ह्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. एवढे मात्र आताच म्हणता येईल की, वर सांगितलेल्या खुशामतीच्या दोषाने दोन्ही क्रिया एकाच संवादात कशा मिसळतात हे उघड केले आहे. वरच्या थरात युक्तिवाद चाललेला असतो आणि खालच्या थरात कौतुकाने परत येण्याचे वळण लागत असते. वाचकाने युक्तिवाद तपासला तरी वळण तपासावयाचे राहून जाते.

तात्पर्य, फॉग ह्यांच्या ग्रंथाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. संगणकाच्या प्रभावाचे मार्ग त्यांनी दाखविले, आणि त्यांतील धोक्यांची यादीही प्रामाणिकपणे दिली. त्यांची चूक नावाची आहे. पण शास्त्रात नावाची चूक लहान नसते. मन वळविणे आणि वळण लावणे ह्यांना वेगळी नावे दिली की त्यांचे नियमही वेगळे करावे लागतात. मन वळविणाऱ्याला आपण सत्याविषयी आणि सक्तीविषयी विचारतो. वळण लावणाऱ्याला ह्याखेरीज विचारावे लागते : तू कोठे उभा आहेस, तुला जाब कोण विचारील, आणि तू हात केव्हा सोडणार?

आपल्या विद्यार्थ्यांना संहितेचे वाचन शिकविताना तिच्यात काय म्हटले आहे आणि काय गाळले आहे, हे पाहण्यास आपण सांगतो. ज्या पडद्यावर ते आता दिवसाचा मोठा भाग घालवितात त्याचेही असेच वाचन करता येते. तेथे काय करणे सोपे ठेवले आहे, काय अवघड केले आहे, आणि कोठे थांबण्याची जागाच ठेवलेली नाही, हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ते विचारण्याची सवय हेही एक वळणच आहे. ते लावणे हे अध्यापकाच्या कर्तव्यात मोडते, आणि त्यातून विद्यार्थ्याला मोकळे करणेही.